जुन्या पिकअपचा कॅमशाफ्ट: स्वस्त कुठे पडतो, महाग कुठे

तांदूळ सडण्याच्या कामी माणसाने फार पूर्वी कॅम जुंपला. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाणचक्कीच्या लांब आसाला खुंट्या बसवत. आस फिरला की खुंटी मुसळाच्या दांड्याचे मागचे टोक खाली दाबायची, पुढचे डोके वर उचलले जायचे, आणि खुंटी निसटताच ते उखळात आदळायचे. हुआन तान या चिनी लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात पाण्याच्या बळावर चालणाऱ्या मुसळांची नोंद करून ठेवली आहे. गोल फिरणाऱ्या आसातून उचल आणि आपट काढणारी ती खुंटी म्हणजेच कॅम. अशा खुंट्या ओळीने बसवलेला आस म्हणजे कॅमशाफ्ट. १२०६ साली अल-जझरी या यंत्रकाराने लिहिलेल्या यंत्रांवरच्या ग्रंथातही तो भेटतो.

गोंदिया जिल्ह्यात तांदळाशी कॅमचे हे जुने नाते वेगळ्या रूपात टिकून आहे. सडायचे काम आता राईस मिलची यंत्रे करतात. पण बांधीतून घरी, घरून खरेदी केंद्रावर आणि तिथून मिलपर्यंत धानाची पोती हलवणाऱ्या पिकअपच्या इंजिनात कॅम रात्रंदिवस राबतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत पंधरा वर्षे किंवा त्याहून जुनी पिकअप रोजच्या धंद्यात दिसणे नवलाचे नाही. अशा गाडीचा कॅम झिजला की मालकापुढे प्रश्न येतो: कोणता घ्यावा आणि किती खर्च करावा? हे प्रकरण त्या प्रश्नासाठी आहे.

कॅम नेमके काय करतो

जुन्या पिकअपची दोन इंजिने आपल्याकडे सर्वांत ओळखीची आहेत. टाटा २०७ डीआयचे इंजिन २९५६ सीसीचे. ते ज्या ४९७ मालिकेतले आहे, तिच्या आकड्यातच माप दडलेले आहे: चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. दुसरे महिंद्रा बोलेरो पिकअप आणि कॅम्परचे २५२३ सीसीचे डीआय इंजिन. त्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. ही मापे इंचांत येतात कारण या इंजिनाचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनात आहे. त्या कंपनीशी महिंद्राने १९६३ साली ट्रॅक्टरसाठी भागीदारी केली होती. ट्रॅक्टरच्या कुळातले हे इंजिन फार वेगाने फिरत नाही. कमी फेऱ्यांत ओझे ओढणे हाच त्याचा स्वभाव.

दोन्ही इंजिनांत कॅमशाफ्ट डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये नसतो. तो खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याच्यावर टॅपेट बसतात, टॅपेटवर पुशरॉड उभे राहतात, पुशरॉड रॉकरला ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. चार सिलिंडरला प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह, म्हणून कॅमशाफ्टवर (बोलीत नुसत्या ‘कॅम’वर) आठ लोब, म्हणजे त्या जुन्या खुंट्यांच्या जागचे उंचवटे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. इंजिन २४०० फेऱ्यांवर चालू असेल तर कॅम मिनिटाला १२०० वेळा फिरतो आणि प्रत्येक लोब आपला व्हॉल्व्ह सेकंदाला २० वेळा उघडतो. तासाभरात एकेका लोबचे ७२ हजार वार होतात. लोब आणि टॅपेट एकमेकांना टेकतात ती जागा एखाद्या रेघेइतकीच, आणि तिच्यावर व्हॉल्व्ह-स्प्रिंगचा सगळा दाब येतो. मध्ये उरतो तो फक्त ऑइलचा पातळ थर.

या रचनेत एक बारकावा आहे, आणि स्वस्त-महागाची सगळी गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते. अशा साध्या टॅपेटच्या इंजिनांत लोबचा माथा सहसा किंचित एका बाजूला उतरता घासलेला असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. डोळ्याला हे दिसत नाही. त्यामुळे लोब टॅपेटला मध्यापासून जरा बाजूला स्पर्श करतो आणि प्रत्येक वाराला टॅपेट थोडा स्वतःभोवती फिरतो. झीज सगळीकडे वाटली जाते. टॅपेट फिरायचा थांबला की एकाच जागी घासला जातो, आणि काही दिवसांत लोबचा माथा गोल होतो.

आधी दोष पक्का करा

गाडी ओढत नाही, चढावर काळा धूर सोडते, हेडच्या बाजूने टकटक येते, टॅपेट सेट केले तरी पंधरवड्यात पुन्हा सैल होतात. ही लक्षणे कॅमची असू शकतात, पण बुजलेला एअर फिल्टर, खराब नोझल किंवा पंपाचे चुकलेले टायमिंग यांनीही गाडी मार खाते. धानाच्या हंगामात मळणीचा भुसा आणि मिलच्या आवारातला कोंडा हवेत उडत असतो, म्हणून एअर फिल्टर सर्वांत आधी पाहावा. तोच दोष निघाला तर काम शंभर-दोनशे रुपयांत संपते.

कॅमची खरी परीक्षा इंजिन न उतरवता होते. रॉकर काढून ठेवायचा, पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावायचे आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचे. पुशरॉड किती वर उचलला गेला हे गेज सांगते. अशी आठही मापे कागदावर लिहून घ्यावीत. इनलेटचे चार आपसांत आणि एक्झॉस्टचे चार आपसांत जवळपास सारखे हवेत. एखादाच आकडा खाली पडला असेल तर तो लोब गेला. गेजशिवाय, नुसत्या आवाजावर निदान करणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव मोठा असेलही, तरी हजारो रुपयांचे इंजिन उघडण्याआधी आकडा मागण्याचा मालकाला हक्क आहे.

लोब झिजल्याचे सिद्ध झाले तरी तो का झिजला हे विचारावेच लागते. वेळेवर न बदललेले ऑइल, ऑइलमध्ये उतरलेले डिझेल किंवा पाणी, अडकलेला टॅपेट, फार घट्ट ठेवलेले टॅपेट, ढिले झालेले कॅम बुश आणि त्यामुळे पडलेले ऑइल प्रेशर, यांपैकी काहीतरी कारण असते. ते शोधले नाही तर नवा कॅमही त्याच वाटेने जातो. झिजलेल्या लोबचे लोखंडी पीठ ऑइलमधून सगळीकडे फिरलेले असते, म्हणून चेंबर उतरवून धुणे आणि स्ट्रेनर साफ करणे हा कॅमच्या कामाचाच भाग समजावा.

बाजारातले पर्याय

गोंदियाहून रेल्वेने नागपूर सुमारे १३० किलोमीटर, आणि रायपूरही फार दूर नाही. जिल्ह्याच्या दुकानात नसलेला भाग सहसा या दोन शहरांतून मागवला जातो. तिथे कॅम पाच प्रकारचा मिळतो.

पहिला गाडी-कंपनीचा, होलोग्राम आणि पार्ट नंबरसह. माप आणि कडकपणा यांची चिंता नाही, किंमत सर्वांत जास्त.

दुसरा नावाजलेल्या सुट्या भागांच्या कंपनीचा. डब्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि छापील किंमत असते. कमी खर्चात चांगले काम करायचे असेल तर जुन्या पिकअपसाठी बहुतेक वेळा हाच योग्य.

तिसरा बिननावाचा लोकल माल. काही तुकडे बरे निघतात, पण कोणता निघेल हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

चौथा कबाडातल्या इंजिनाचा. इथे नियम कडक आहे. वापरलेल्या लोबवर वापरलेला टॅपेट चालतो, पण तो त्याच लोबचा हवा, त्याच जागेचा हवा. कॅम काढताना टॅपेट क्रमाने खूण करून ठेवले असतील तरच असा जोड घ्यावा. एका पिशवीत भरलेले आठ टॅपेट आणि बाजूला पडलेला कॅम फुकट मिळाला तरी नको.

पाचवा आपलाच कॅम घासून घेणे. घासणारा कारागीर लोबचा खालचा गोल भाग कमी करून माथ्याची उंची त्या प्रमाणात परत आणतो. लोब लहान होतो, म्हणून टॅपेट खाली बसतो आणि ती कसर रॉकरच्या स्क्रूने भरून काढावी लागते. झीज थोडी असेल आणि कडक थर शिल्लक असेल तर हा मार्ग चालतो. माथा गोल झालेला असेल तर घासताना कडक थर संपतो आणि खालचे मऊ लोखंड उघडे पडते. तसा कॅम हंगाम काढत नाही.

सोलापुरात काय होते

चांगल्या आणि वाईट कॅममध्ये फरक कुठे पडतो हे कळायला कॅम कसा बनतो ते पाहावे लागते. त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. चादरींच्या सोलापुरात यतीन शहा यांनी १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी उभी केली. चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या कारखान्यांतून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा जगभरच्या कार-कंपन्यांना कॅमशाफ्ट गेले. २०१६ साली ती शेअर बाजारात आली.

कॅमशाफ्ट ओतीव बिडाचा असतो किंवा घडवलेल्या पोलादाचा. बिडाच्या कॅममध्ये जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे चिल. वाळूच्या साच्यात लोबच्या माथ्याच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. वितळलेले बीड तिथे चटकन थंड होते आणि त्यात अतिशय कठीण कार्बाइड तयार होतात. बाकीचा कॅम सावकाश निवतो, म्हणून तो ठिसूळ होत नाही आणि त्याच्यावर यंत्रकाम करता येते. पोलादी कॅममध्ये लोबभोवती विजेचे वेटोळे धरून क्षणात लाल करतात आणि लगेच निववतात. त्याने वरचा काही मिलिमीटरचा थर कडक होतो. त्यानंतर लोब घासून अचूक आकार देणे आणि बहुतेकदा फॉस्फेटचा काळसर थर चढवणे. हा थर सुरुवातीच्या दिवसांत ऑइल धरून ठेवतो.

स्वस्त मालात पैसे वाचतात ते याच ठिकाणी. चिल नीट बसलेला नसतो, कडक थर पातळ असतो, लोबचा सूक्ष्म उतार घासलेलाच नसतो. आकार जवळपास बरोबर असतो, त्यामुळे गाडी सुरू होते, पहिले काही दिवस छान ओढते, आणि मग पुन्हा टकटक सुरू होते.

दुकानात उभे राहून काय तपासावे

जुना कॅम सोबत न्यावा. नुसते गाडीचे नाव सांगून कॅम मागू नये, कारण त्याच नावाच्या गाडीत टर्बो आणि बिनटर्बो, बीएस-२ आणि बीएस-३ अशी वेगवेगळी इंजिने आली आहेत. इंजिन नंबर आणि पार्ट नंबर लिहून न्यावा. दोन्ही कॅम शेजारी ठेवून जर्नल (बुशमध्ये फिरणारे गोल भाग) किती आहेत, चावीची खाच कुठे आहे, पुढच्या टोकाला गिअर आणि थ्रस्ट प्लेट कशी बसते, हे जुळवून पाहावे.

मग मायक्रोमीटर. प्रत्येक लोबची उंची आणि खालच्या गोल भागाचे माप घ्यावे. जुन्या कॅमवरचा सर्वांत कमी झिजलेला लोब तुलनेला धरावा. नव्या कॅमचे इनलेटचे चार लोब सारखे आहेत का, एक्झॉस्टचे चार सारखे आहेत का, हे पाहावे. जर्नलचे मापही घ्यावे, कारण बुशमध्ये ढिला बसणारा कॅम ऑइल प्रेशर खातो. व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवला तर वाकलेला कॅम डायल गेजवर लगेच दिसतो. लोबवर ओतकामाची छिद्रे, गंज किंवा हत्याराचे खरखरीत चरे असतील तर परत करावा. कडकपणाची साधी परीक्षा म्हणजे बारीक कानस. ती लोबच्या धारेवर हलकेच फिरवावी, जिथे टॅपेट चालतो त्या पृष्ठावर नाही. कडक लोबवर कानस घसरते, मऊ लोब ती खाते.

कॅमसोबत आठही टॅपेट नवे घ्यावेत. इथे हात आखडणे सर्वांत महाग पडते. झिजलेल्या टॅपेटचा फुगीर तळ सपाट किंवा खोलगट झालेला असतो. काचेच्या सपाट तुकड्यावर तळ टेकवून उजेडाकडे धरले की ते कळते. असा टॅपेट नव्या लोबवर फिरत नाही आणि नव्या लोबला खाऊन टाकतो. पुशरॉड सरळ आहेत का हे काचेवर लोळवून पाहावे. कॅम बुश, टायमिंग कव्हरचे सील आणि गॅस्केट हेही त्याच यादीत असावे. पक्के बिल घ्यावे, कारण बिलाशिवाय वॉरंटीचा शब्द हवेत विरतो.

'भारी' कॅमचा मोह

कधी कधी दुकानात जास्त उचल देणारा कॅम सुचवला जातो, गाडीला ताकद येईल या आश्वासनासह. रेसच्या पेट्रोल इंजिनांत अशा कॅमला अर्थ असतो, कारण ती इंजिने खूप वेगाने फिरतात आणि त्यांना थोड्या वेळात जास्त हवा घ्यायची असते. आपली पिकअप बहुतेक वेळ १५०० ते २५०० फेऱ्यांत चालते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले तर खालच्या फेऱ्यांत हवा परत फिरते आणि पोती भरलेली गाडी उलट मरते. शिवाय डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात फारच थोडी फट उरते. उचल वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याचा धोका असतो. मूळ मापाचा कॅम हाच जुन्या पिकअपचा योग्य कॅम.

पहिली वीस मिनिटे

नवा कॅम बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच टिकतो किंवा बिघडतो. बसवताना लोबवर आणि टॅपेटच्या तळाला कॅमसाठी मिळणारी मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी. नुसते ऑइल निथळून जाते. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवाव्यात, पंपाच्या गिअरची खूण विसरू नये. इंजिन सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा मारत ऑइल प्रेशर येऊ द्यावे.

ब्लॉकमधल्या कॅमच्या लोबांना बरेचसे ऑइल क्रँकच्या उडण्यातून मिळते. मंद गतीवर ते पुरेसे उडत नाही. म्हणून इंजिन सुरू होताच १५०० ते २००० फेऱ्यांवर न्यावे आणि वीस ते तीस मिनिटे तिथेच, थोडे वर-खाली करत ठेवावे. या वेळात मंद गतीवर सोडून गप्पा मारत बसू नये, आणि सुरू होत नाही म्हणून बराच वेळ नुसता स्टार्टरही मारत राहू नये. पाणी, डिझेल, बॅटरी या सगळ्या गोष्टी आधी तयार ठेवल्या की मधेच थांबावे लागत नाही. नंतर थंड झालेल्या इंजिनाचे ऑइल आणि फिल्टर लवकरच बदलावे आणि टॅपेट पुन्हा सेट करावेत. ऑइल डिझेल इंजिनाचेच, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे घ्यावे. त्यातले जस्त-फॉस्फरसचे मिश्रण लोबवर रक्षक थर तयार करते, आणि साध्या टॅपेटच्या इंजिनाला त्याची खरी गरज असते.

हिशेब

समजा, नावाजलेल्या कंपनीचा कॅम आणि बिननावाचा कॅम यांच्या किमतीत दोन हजार रुपयांचा फरक आहे. कॅम काढताना रेडिएटर, पुढची जाळी, टायमिंग कव्हर उतरवावे लागते. ज्या इंजिनांत टॅपेट खालून बसतात तिथे इंजिनच बाहेर काढावे लागते. मजुरी, गॅस्केट, ऑइल, फिल्टर मिळून समजा दहा हजार खर्च आला. बिननावाचा कॅम दोन महिन्यांत गेला तर हे दहा हजार दुसऱ्यांदा द्यावे लागतात, आणि धानखरेदीच्या दिवसांत गाडी उभी राहिल्याचे नुकसान वेगळे. दोन हजारांची बचत पाचपट उलटली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. चेसिस गंजलेली, गिअरबॉक्स थकलेला, पिस्टन-रिंगा झिजलेल्या आणि मालक दोन हंगामांत गाडी विकायच्या विचारात, अशा वेळी कंपनीच्या महागड्या कॅमवर पैसे ओतण्यात शहाणपण नाही. नावाजलेल्या सुट्या भागांच्या कंपनीचा कॅम, नवे टॅपेट आणि नीट केलेली सुरुवात एवढ्यात ते काम होते. ऑइल प्रेशरच पडलेले असेल तर कॅमआधी पूर्ण इंजिनाचा विचार करावा.

काम हंगामाच्या तोंडावर काढू नये. गोंदियात रोवणीच्या दिवसांत माल वाहतूक मंदावते, तेव्हा मिस्त्रीला सवड असते आणि नागपूरहून भाग यायला दोन दिवस लागले तरी चालते. गाडीवर खर्च करायचा तर क्रम असा ठेवा: आधी गेज लावून निदान, मग मापात बसणारा नावाजलेला कॅम, त्यासोबत आठ नवे टॅपेट, आणि शेवटी न चुकता पहिली वीस मिनिटे. या चारांपैकी एकही गाळले तर सर्वांत महागडा कॅमही टिकणार नाही. चारही पाळले तर मध्यम किमतीचा कॅम जुन्या पिकअपचे उरलेले आयुष्य सहज पार पाडतो.